गावच्या यादीतला बिस्वाल

बिस्वाल माणसांना नावाने हाक मारत नाही. फ्लॅटचा नंबर म्हणतो आणि त्याला पाण्याचा प्रेशर जोडतो. "काय एकशेचार, प्रेशर बरा?" "तीनशेदोन, तुमचा प्रेशर एकदम कम, वॉल्व बघायला लागेल." वीस वर्षांपूर्वी आम्ही गोखिवऱ्याच्या या सोसायटीत राहायला आलो, तेव्हा जिन्यात हा माणूस माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "दोनशेतीन, मीडियम." मी त्याला फाडून खाणार होते. मीडियम म्हणजे काय? रंग, उंची, की अक्कल? मग कळलं, आमच्या नळाबद्दल बोलत होता.

चौथ्या मजल्यावरचे आजोबा वारले, तेव्हा त्यांच्या मुलाच्या डोळ्यांत सकाळपासून पाणी नव्हतं. सगळे काळजीत. बिस्वाल आला, त्याने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चारशेएकचा मेन लाईन गेला." मुलगा धाय मोकलून रडला. आम्ही इतकी माणसं गोळा झालो होतो, पण नेमकं बोलायला जमलं ते बिस्वाललाच.

बिस्वाल प्लंबर. ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातला. त्या बाजूची माणसं प्लंबिंगच्या कामात इतकी आहेत की आमच्याकडे नळ गळला की तिकडच्या कुठल्यातरी घरात मनीऑर्डर जाणार, हे ठरलेलं. तुळिंजला एका खोलीत सहा जण राहतात, सहाही प्लंबर, आणि त्या खोलीतला नळ मी बघतेय तेव्हापासून गळतो. "अरे, लाज वाटत नाही का?" म्हटलं तर म्हणतो, "सुट्टीच्या दिवशी कोण काम करेल?" पन्नाशी उलटली. तीन बहिणींची लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलं. मराठी धडाधड बोलतो, पण त्याच्या मराठीत सगळं जग पुरुषांचं आहे. टाकी भरला, बायको रागावला, मुलगी पास झाला. मी शिक्षिका असूनही कधी सुधारायला गेले नाही. एकदा सुरू केलं तर कुठे थांबणार?

त्याचं एकच तत्त्वज्ञान आहे. कुठेही पाणी गळू दे, तुंबू दे, नाहीतर येईनासं होऊ दे, तो नळाकडे बघतच नाही. "नल बघून काय होणार? लाईन कुठनं आली ते बघा पहिला." आणि मग गच्चीवर, तळघरात, भलत्याच माणसाच्या भिंतीत डोकं घालून बसतो. दुरुस्ती मात्र पक्की.

मला नंबरावरून बढती मिळून मी 'टीचर' झाले, ती मतदारयादीमुळे. मी तुळिंजच्या शाळेत शिकवते, आणि शिक्षकाच्या गळ्यात काय काय पडतं ते तुम्हाला सांगायला नको. माझ्या गळ्यात बीएलओचं काम पडलं. म्हणजे आपल्या भागाची मतदारयादी सांभाळायची, घरोघर जाऊन कोण नवीन आलं, कोण सोडून गेलं, कोण देवाघरी गेलं ते लिहून आणायचं. नालासोपाऱ्यात हे काम करून बघा! आज जिथे दुबे राहतो तिथे पुढच्या महिन्यात शेख असतो आणि दिवाळीनंतर गावडे. अशा वेळी बिस्वाल बरोबर आला की दारं उघडायची. सरकारी पिशवी बघून न उघडणारी बाई प्लंबरला बघून धावत येते.

या फेऱ्यांमध्ये मला कळलं की या माणसाला कोण कुणाला मत देतं ते जवळजवळ सगळं ठाऊक आहे. "सिंकच्या खाली डोकं घातला की लोक विसरतो, टीचर, की बिस्वाल आहे," तो म्हणाला. लोक त्याच्या पायांसमोर उभे राहून भांडतात. जौनपूरचे एक मास्तर ज्याने टँकर पाठवला त्याला मत देतात आणि भावाला फोनवर भलतंच सांगतात. राजस्थानी दुकानदाराची बायको आणि सून एकीकडे, बाप-लेक दुसरीकडे, आणि चौघं एकाच रिक्षातून मतदानाला जातात. मी विचारलं, "कोण रे ते दुकानदार?" तर म्हणाला, "प्रेशर कम आहे, टीचर." याचा अर्थ, आता विषय बंद. वीस वर्षांत त्याने एक नाव फोडलेलं नाही. आमच्या सोसायटीत असा दुसरा माणूस दाखवा!

आणि पक्षवाल्यांना नेमकं हेच हवं असतं. मागच्या विधानसभेला एका उमेदवाराचा कार्यकर्ता, सगळे त्याला 'भाऊ' म्हणायचे, आमच्याकडे खेपा घालायला लागला. हातात आमचीच यादी, आडनावांवरून रंगवलेली. उत्तरेकडचे भगव्या पेनाने, गुजराती हिरव्या, ओडिया निळ्या, आमचे ख्रिस्ती जांभळ्या. मला म्हणाला, "टीचर, तुमची मतं तर फादर सांगतील तशी ना?" मी हसले. माझं माहेर भुईगावचं. मी आणि आमचे मिस्टर रविवारी एकाच बाकावर बसून मिस्सा ऐकतो आणि गेली पंचवीस वर्षं निवडणुकीत एकमेकांचं मत खातो. फादरांना विचारायचं सोडा, घरी विचारलं तरी जेवण बिघडतं.

तर या भाऊने बिस्वालला गाठलं. "तुमच्या समाजाचा मेळावा घेऊ, मंडप घालू, रसगुल्ले देऊ. सगळे आमच्याकडे वळवायचे." बिस्वालने सरळ सांगितलं, "भाऊ, आमचा लोकांचा नाव इकडे नाही. सगळ्यांचा नाव गावाला." भाऊने डोळा मारला. त्याला वाटलं, हा भाव वाढवतोय. बिस्वालने पुन्हा सांगितलं. भाऊने मंडप मोठा केला. तिसऱ्यांदा सांगितलं, तर रसगुल्ल्यांची ऑर्डर दुप्पट झाली. शेवटी बिस्वाल माझ्याकडे आला, "टीचर, तुमी बोला." मी बोलले. भाऊ मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही शाळेचं बघा." बरं बाबा, बघते शाळेचं!

मेळावा काय झाला म्हणून सांगू! जगन्नाथाचं मोठं चित्र, त्याच्यापुढे समई. उमेदवार तीनदा "जय जगन्नाथ" म्हणाले. पूर्वेकडचेच लोक ना, म्हणून भोजपुरी गायक आणला होता. वसईपासून विरारपर्यंतचे ओडिया प्लंबर झाडून आले होते, स्वच्छ शर्ट घालून. त्यांनी टाळ्या वाजवल्या, न कळणाऱ्या गाण्यांवर माना डोलावल्या, रसगुल्ले खाल्ले, आणि जाताना मंडपाच्या मागची गळकी टाकी आपणहून दुरुस्त करून दिली. फुकट खाऊन कसं जायचं? एवढ्या गर्दीत आमच्या यादीतली दोन मतं असतील नसतील. ज्या इमारतींत खरी मतं होती तिथे आठवडाभर पाणी नव्हतं आणि भाऊ तिकडे फिरकला नव्हता. उमेदवार पडले. भाऊ चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगत होता की बाहेरच्यांनी गद्दारी केली, खाल्ल्या मिठाला जागले नाहीत.

बिस्वालला हे लागलं. "टीचर, त्याने विचारला, तुमचा भाषा काय, देव काय, गोड काय खाता. पानी किती वाजता येतो, हे कोणी नाही विचारला. नाव कुठे आहे, ते मी सांगितला तर ऐकला नाही."

"चूक तुझीही आहे," मी म्हटलं. "इतकी वर्षं इथे राहतोस, इथलं पाणी पितोस, इथल्या खड्ड्यांत पडतोस. नाव इथे आण की! माझ्याकडे अर्ज आहे, दहा मिनिटांचं काम."

हे मी त्याला वर्षानुवर्षं सांगत आले होते. दरवेळी तो म्हणायचा, "नको टीचर, गावाला राहू दे." मला संताप यायचा. कारण त्याचं गावचं मतदान म्हणजे एक तमाशाच होता. तिकडे निवडणूक लागली की पक्षवाले बाहेर गेलेल्या लोकांना परत न्यायला गाड्या पाठवतात. बिस्वाल जाताना एका पक्षाच्या गाडीतून जायचा, येताना दुसऱ्या पक्षाच्या. "आणि मत?" मी विचारलं होतं. "तो तिसऱ्याला," तो निष्पापपणे म्हणाला होता. दोन्ही पक्ष खूश, की बिस्वाल आपला. मी वर्गात मुलांना नागरिकशास्त्र शिकवते हो! मी त्याला चांगलं झापलं होतं.

त्याच्या बोऊचं तेवढं सांगायचा. बोऊ म्हणजे आई. गावी एकटी राहायची. एकदा तुळिंजला आली होती, आठ दिवसांत परत गेली, म्हणाली, इथे तळंही नाही, मी पाय कुठे धुवू? मतदान करून बिस्वाल घरी गेला की ती दारातच त्याचं डावं बोट पकडायची, डोळ्यांजवळ न्यायची, शाई लागलीय की नाही ते बघायची. तिला कमी दिसायचं, म्हणून बराच वेळ बघायची. मग म्हणायची, "आता जेव." आणि पखाळ वाढायची, म्हणजे आपला पाण्यातला शिळा भात. हे सांगताना पन्नाशीचा बिस्वाल दहा वर्षांचा व्हायचा.

एकदा त्याने मला विचारलं होतं, "टीचर, एक वेळ मत नाही दिला, तर यादीतून नाव कापतो?"

"छे रे! कुणी सांगितलं?"

"बोऊ बोलला. फोन करतो तेव्हा बोलतो, ये, नाही आला तर तुझा नाव कापणार."

"मग तिला सांग, असं काही नसतं."

तो काहीतरी बोलणार होता, पण म्हणाला, "प्रेशर कम आहे, टीचर," आणि पाना उचलून गेला.

महानगरपालिकेची निवडणूक लांबत लांबत शेवटी लागणार असं दिसायला लागलं, तेव्हा एके दिवशी बिस्वाल शाळेत आला. मधली सुट्टी होती. दाढी वाढलेली, डोक्यावरचे केस काढलेले, पण माझं लक्षच नाही, मी हजेरी लिहीत होते. म्हणाला, "टीचर, तो अर्ज द्या. नाव इकडे आणायचा."

मी पेन ठेवलं. "अरे वा! आज सूर्य कुठे उगवला? इतकी वर्षं घसा कोरडा केला माझा—" आणि मग मी त्याच्या डोक्याकडे बघितलं.

"बोऊ गेला, टीचर."

मी त्याला बसवलं. पाणी दिलं. ग्लास हातात धरून तो आपणहून बोलायला लागला.

"तुमी बोलला होता ना, नाव कापत नाही. मला माहीत होता. बोऊलाही माहीत होता. पण बोऊ कधी बोलत नाही, की ये, मला एकटा वाटतो. कसा बोलणार? बोलला तर पोरगा काम सोडून येतो, पैसा बुडतो. म्हणून बोलायचा, मत द्यायला ये. मी पण बोलायचा, हो, मत द्यायला येतो. सरपंचचा असला, आमदारचा असला, दर वेळी बोलवायचा." त्याने ग्लास खाली ठेवला. "नाव इकडे आणला असता, तर बोऊ मला काय सांगून बोलावणार होता?"

देवा रे! लाज वाटली मला. भाऊने रंगीत पेनं घेतली होती, मी नागरिकशास्त्राचं पुस्तक. दोघांनीही नळच बघितला. जाताना एकाची गाडी आणि येताना दुसऱ्याची, याला मी तमाशा म्हणत होते, आणि तो माणूस दोन दिवसांचा प्रवास करून आईला आपलं बोट दाखवायला जात होता.

अर्ज मी भरला. स्थलांतराचं कारण लिहायची वेळ आली तेव्हा मी 'कायम वास्तव्य' असं लिहिलं. त्याने खाली सही केली, हळू, एकेक अक्षर.

मतदानाच्या दिवशी मी शाळेच्या फाटकाजवळ टेबल टाकून बसले होते, लोकांना यादीतला नंबर शोधून द्यायला. भाऊही होता, पलीकडच्या टेबलावर, नवीन पक्षाचा रुमाल गळ्यात घालून. बिस्वाल इस्त्रीचा शर्ट घालून आला. भाऊ लगबगीने उठला, "जय जगन्नाथ, बिस्वालजी!" बिस्वालने हात जोडले आणि सरळ माझ्याकडे आला. मी त्याचं नाव शोधून चिठ्ठी दिली. आमच्या यादीत पहिल्यांदाच ते नाव माझ्या बोटाखाली आलं.

तासाभराने तो मतदान करून बाहेर आला. रांग केव्हाच सरकली होती, पण हा फाटकाजवळ घुटमळत उभा. घरी जाईना. मला वाटलं, काही गडबड झाली.

"काय रे? मशीनचा प्रॉब्लेम?"

"नाही." त्याने इकडेतिकडे बघितलं, मग डावा हात माझ्या टेबलावर ठेवला, बोट पुढे करून. "टीचर, जरा बघा ना. लागला का बरोबर?"

शाई लांबूनही ठळक दिसत होती. मी पर्समधून चष्मा काढला, लावला, त्याचं बोट हातात धरलं आणि डोळ्यांजवळ नेलं. नळांनी आणि पान्यांनी घट्टे पडलेलं बोट. बराच वेळ बघितलं.

"लागलीय," मी म्हटलं, "चांगली लागलीय," आणि माझा डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला. "आता जेव."