सुमनवहिनींसाठी एक मोठा आवाज

गडचांदूरजवळच्या चुनखडीच्या खाणीत सुरुंग उडतात, तेव्हा वाटेवरची माणसं कानांवर हात ठेवतात. आमचे शेजारी देवरावभाऊ मात्र बायकोला स्कूटरवर बसवून मुद्दाम तिकडे जातात. स्फोट झाला, धूळ उडाली, की वळून विचारतात, "आलं का?"

सुमनवहिनी मान हलवतात. "नाई."

"बारूद कमी पडली," म्हणून भाऊ स्कूटरला किक मारतात.

वहिनींचे कान हळूहळू पार गेले. भाऊंचं बोलणं त्या ओठांवरून ओळखतात. कानाचं मशीन आणलं होतं. पण ते लावलं की डोक्यात कोणी भांडी आपटतं, म्हणून त्यांनी ते मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवून दिलं. तेव्हापासून भाऊंचा एकच ध्यास: हिला ऐकू येईल असा एक तरी आवाज जगात असेलच, तो शोधायचा. बल्लारशाच्या फलाटावर मालगाडीच्या इंजिनापाशी वहिनींना उभं करून झालं. एका लग्नात भाऊ डीजेवाल्याकडे तरातरा गेले. तक्रार आली समजून तो आवाज कमी करू लागला.

"कमी नाई बाप्पा, वाढव!"

अर्धी वरात पांगली. वहिनी स्पीकरच्या डब्ब्यासमोर उभ्या राहून शांतपणे जिलेबी खात होत्या.

लोक हसतात. मला तेवढं हसता येत नाही. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. परीक्षेच्या दिवसांत मला कॉलेजपर्यंत याच स्कूटरवर भाऊंनी सोडलंय. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत ते म्हणाले, "बस्तरच्या जंगलात तीरथगडचा धबधबा हाय. लय गरजते म्हणते," तेव्हा मी लगेच जीप ठरवली.

"हे शेवटचं," वाटेत भाऊ म्हणाले. "इथी नाई आलं, तं सोडलं."

राष्ट्रीय उद्यानात शिरून पायऱ्या उतरू लागलो, तसा आवाज छातीत भरत गेला. काळ्या खडकांच्या टप्प्यांवरून पांढरंशुभ्र पाणी फुटत, उधळत खाली येत होतं. तळाशी माझाच आवाज मला ऐकू येईना. भाऊंनी वहिनींना तुषार अंगावर येईपर्यंत पुढे नेलं. त्यांचे ओठ हलले. काय विचारलं, ते मलाही न ऐकता कळलं.

वहिनी पाण्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान हलवली.

वर येऊन टपरीवर बसलो. भाऊंचा चहा निवून गेला.

"अवो, काऊन तोंड पाडून बसले?" वहिनी म्हणाल्या. "पानी पाह्यलं ना मी. केवढं सुंदर हाय!"

"आवाज पाह्यजे होता."

"मले येते ना आवाज."

भाऊंनी झटकन वर पाहिलं. "कायचा?"

"तुमी स्कूटरवर गाणे म्हणता, त्याचा. तुमच्या पाठीवर हात असते ना माहा. सारं येते हातात."

भाऊ कानापर्यंत लाल झाले. "मले वाटलं हिले समजत नाई," ते मला म्हणाले. मी ग्लासात पाहू लागलो.

"खाणीवरून येताना तं लय वेळ म्हणता," वहिनी म्हणाल्या. "म्हणून तं मी रोज निंगतो तुमच्यासंग."

परतताना मी ड्रायव्हरशेजारी होतो. जरा वेळाने मागे वळून पाहिलं. वहिनी डोळे मिटून बसल्या होत्या, तळवा भाऊंच्या पाठीवर पसरलेला. भाऊंचे ओठ हलत होते. जीपच्या खडखडाटात मला त्यातला एक शब्दही ऐकू आला नाही.