साडूच्या इंजिनाची सुई

थोरल्या जावयांनी साडूच्या दिवाणखान्यात पाऊल टाकलं, टेबलावरचं इंजिन पाहिलं आणि त्यांची भूकच मेली. मुठीएवढं इंजिन, पितळी टाकी, चकचकीत चाक, आणि खाली पॉलिश केलेली लाकडी बैठक. त्या बैठकीचा तर त्यांना विशेष राग आला.

खेळण्याएवढं, पण खरोखर पेट्रोलवर चालणारं इंजिन घडवायचं वेड मुळात थोरल्यांचं. दोन वर्षं ते बाल्कनीत छोट्या लेथपाशी कमरेचा काटा ढिला करून घेत होते. पिस्टन इतका घासला की बोटांची सालं निघाली, तरी त्यांच्या इंजिनाने एकदाच 'फट्' केलं आणि पुन्हा मौन धरलं. साडूने ते त्यांच्याकडेच पाहिलं, "बघू जमतंय का," म्हणाला आणि सहा महिन्यांत बनवून मोकळा झाला.

जेवणं उरकल्यावर साडूने चाकाला दोरी गुंडाळून ओढली. इंजिन खोकलं, भसाभस धूर ओकलं, अडखळत थोडं चाललं आणि थांबलं. तेवढ्यावर थोरल्यांच्या बायकोने टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या घरी ती बाल्कनीत फक्त कपडे वाळत घालायला यायची.

"बाबा उठले की त्यांनाही दाखवू," साडू म्हणाला. सासरे आतल्या खोलीत लवंडले होते.

चहा टाकायला सगळे स्वयंपाकघरात गेले. थोरले मागे रेंगाळले. टाकीतून इंजिनात किती पेट्रोल जावं हे एक बारीक सुई ठरवते. ती आवळली की पेट्रोल कमी. थोरल्यांनी दाराकडे पाहिलं, सुई चांगली आवळली आणि साळसूदपणे सोफ्यावर येऊन बसले. सासऱ्यांसमोर साडूची फजिती व्हावी, एवढीच त्यांची माफक इच्छा होती.

सासरे आले. साडूने दोरी ओढली, आणि इंजिन जे सुरू झालं ते थांबेचना. धूर नाही, खोकला नाही, एकसारखा गोड आवाज. साडू स्वतःच क्षणभर आ वासून बघत राहिला.

"मघाशी असं नव्हतं चालत," मेहुणी म्हणाली.

"जरा सेटिंग केलं मी," साडू सावरून म्हणाला.

थोरल्यांच्या डोक्यात आता लख्ख उजेड पडला. इंजिन पेट्रोल जास्त पीत होतं, म्हणून तर धूर. जळफळाटात एवढी साधी गोष्टही त्यांच्या लक्षात आली नव्हती.

"याला म्हणतात हात," सासरे खूश होऊन म्हणाले. "थोरले, तुम्ही रविवारचे इकडे येत जा. धाकटे शिकवतील तुम्हाला."

हे मात्र फार झालं.

"ते सेटिंग मी केलंय," थोरले म्हणाले.

"तुम्ही? कधी?" साडूचा चेहरा उतरला.

"तुम्ही चहाला गेलात तेव्हा. सुई आवळली मी."

बायकोने वळून त्यांच्याकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिच्या नजरेत कौतुक होतं. थोरल्यांची छाती फुगली.

"अहो, मग स्वतःच्या इंजिनाला का नाही केलंत असं?" सासऱ्यांनी विचारलं. "ते का चालत नाही?"

"त्याचं वेगळं आहे, बाबा. ते चालावं म्हणून मी जिवाचं रान करतोय. हे तर बंद पडावं म्हणून…"

थोरल्यांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता. इंजिन तेवढं निर्लज्जपणे सुरूच होतं.

"चहा घ्या, भाऊजी," शेवटी मेहुणी म्हणाली.

घरी जाताना बायको पुढे होऊन जिना उतरली. फाटकापाशी आल्यावर ती थांबली.

"अहो," ती शांतपणे म्हणाली, "उद्यापासून आपल्या इंजिनाचंही जरा वाईट चिंतून बघा."