शंभर टक्के टोचलेलं गाव

गावातल्या सर्व पाळीव कुत्र्यांना रेबीजची लस टोचून झाल्याचं मंगळवारी संध्याकाळी जाहीर झालं, आणि बुधवारी सकाळी पार्बताबाई आपल्या कुत्रीला लस टोचून आणायला निघाल्या. अडचण एवढीच होती.

गावाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. मूर्तिजापूरच्या अलीकडे कुठंतरी ते आहे आणि पार्बताबाईंचा झेंडू-शेवंतीचा मळा गावाबाहेर आहे. मागच्या महिन्यात त्यांच्या मळ्याच्या बांधावरून एक पिसाळलेलं कुत्रं गेलं. जाताना शेजाऱ्याच्या वासराला चावलं. वासरू परवा तोंडाला फेस येऊन मेलं. पार्बताबाईंची सहा वर्षांची नात प्रतीक्षा चांदीच्या ताटात जेवायची. म्हणजे चांदी नावाच्या कुत्रीच्या ताटात. वासरू मेल्यापासून आजीचा जीव टांगणीला लागला होता.

श्वान आरोग्य कक्षात धर्मेंद्र नावाचा लिपिक होता. त्यानं कम्प्युटरमध्ये पाहिलं आणि मान हलवली.

"आजी, तुमच्या कुत्रीले लस झाली."

"कवा?"

"काल. आकरा वाजून चाळीस मिन्टं. हे पाहा, नाव चांदी, रंग पांढरा, स्वभाव शांत."

"काल आकरा वाजता ते मायासंगं मळ्यात होती, बाप्पा."

"तुमी मळ्यात असान. ते इथं होती. कम्प्युटर काहून खोटं बोलीन?"

पार्बताबाई मग डॉक्टर भगवंतरावांच्या खोलीत गेल्या. भगवंतराव अत्यंत सज्जन गृहस्थ होते, त्यामुळे त्यांच्या हातून सहसा काही होत नसे. त्यांनी स्वतः उठून फ्रिज उघडला. आत लसीच्या बाटल्या खच्चून भरलेल्या होत्या.

"पाहा, एकही शिल्लक नाही."

"मंग ह्या काय हायेत?"

"ह्या काल संपल्या." भगवंतरावांनी दार हळूच लावलं. "आणि चांदीला आता टोचली तर ती वर्षातली दुसरी होईल. दुबार लाभ. माझी चौकशी लागेल."

"मंग लिवा ना, का पह्यली देल्लीच नाही."

"मग शंभराचे नव्व्याण्णव होतात, बाई. शुक्रवारी सत्कार आहे. फेट्यांची ऑर्डर गेलीय."

पार्बताबाई बाहेर बाकावर येऊन बसल्या. बराच वेळ उठल्या नाहीत. शेवटी धर्मेंद्रला दया आली. तो जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "एक उपाय हाय, आजी. चांदीले मारून टाकू."

पार्बताबाईंनी चप्पल काढली.

"कागदावर वो! जुनी मेली, तुमी नवी आनली. नवीचं नाव सोनी लिवतो. नवीले टोचता येते."

"जित्या जनावराले मेलं म्हनू मी?" असं म्हणताना त्यांना ते वासरू आठवलं. त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि सही केली.

मृत्यूच्या कारणापुढे कम्प्युटर दोनच पर्याय देत होता: रेबीज आणि इतर. 'इतर' निवडलं की तो शवविच्छेदनाचा अहवाल मागायचा. म्हणून धर्मेंद्रनं समंजसपणे 'रेबीज' निवडलं.

ती नोंद पाहून दुसऱ्या दिवशी सकाळीच अमरावतीहून कुत्री पकडणाऱ्या ठेकेदाराच्या पथकाची गाडी पार्बताबाईंच्या दारात उभी राहिली. पथकप्रमुख नीलम मॅडम हातमोजे काढून नोंदवही चाळत होत्या.

"रेबीजनं मेलेली कुत्री कुठाय?"

"हे काय, तुमचा हात चाटून राह्यली."

मॅडमनी हात झटकला आणि वही पुन्हा पाहिली. "चांदी मयत आहे. सोनीची नोंद अजून मंजूर नाही. म्हणजे ही कुणाचीच नाही. बेवारस. घ्या रे गाडीत."

"माही हाय ते, माही!" प्रतीक्षा ओरडत कोपऱ्यापर्यंत गाडीमागं धावली. जाळीतून चांदी तिच्याकडं बघत शेपूट हलवत होती. आपल्याला कुणीतरी फिरायला नेत आहे असंच चांदीला वाटलं असावं.

शुक्रवारचा सत्कार ठरल्याप्रमाणे थाटात पार पडला. हारांची फुलं पार्बताबाईंच्याच मळ्यातली होती. प्रतीक्षा चार दिवस नीट जेवली नाही.

पाचव्या दिवशी गाडी परत आली आणि चांदीला दारात सोडून गेली. नियमच तसा आहे. बेवारस कुत्र्याला पकडतात, त्याचं ऑपरेशन करतात, लस टोचतात, ओळखीसाठी कानाला खाच पाडतात आणि उचललं तिथंच सोडतात. ठेकेदाराची लस त्याच्या स्वतःच्या पेटीत होती, त्यामुळे ती संपलेली नव्हती. अशा रीतीनं शंभर टक्के लसीकरण झालेल्या त्या गावात खरोखर लस टोचलेली एक कुत्री तयार झाली.

आनंदाच्या भरात पार्बताबाई गल्लीत सांगत सुटल्या. शेजारच्या दुर्गाबाईंनी मात्र आपल्या नातवाला मागं ओढलं.

"हात नको लावू तिले! कान कापेल हाय. बेवारस हाय ते."

"अवो, हिले खरी सुई टोचली. तुमच्या कुत्र्याले कवा टोचली?"

"आमच्याले सर्टिफिकेट हाय!"

"मी टोचली कवा ते इचारून राह्यली."

"हाय म्हनलं ना! उगा बोंबलत फिराल तर साऱ्या गल्लीचे सर्टिफिकेट क्यान्सल व्हतीन."

संध्याकाळी गल्लीनं कक्षाकडे अर्ज दिला: लस न टोचलेल्या बेवारस कुत्रीपासून मुलांना धोका आहे, तिचा तातडीनं बंदोबस्त व्हावा. पार्बताबाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. नात आणि कुत्री, दोघींना घेऊन त्या मळ्यातल्या खोलीवर राहायला गेल्या. वर्षानं पुन्हा टोचायची वेळ आली, की चांदीला पुन्हा बेवारस करायचं, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं आहे.

अर्जावर बेचाळीस सह्या होत्या. त्यांत दोन शिक्षक होते, एक औषधाचा दुकानदार होता, बाकी रोज पेपर वाचणारे. सगळे तुमच्या-आमच्यासारखे शहाणेसुरते. त्यांना अवश्य हसा. फक्त त्याआधी, तुमच्या कुत्र्याला शेवटची सुई कधी टोचली ते आठवून पाहा. मोबाईलमधलं सर्टिफिकेट न उघडता.