शांतवन काकांचा अबोला

शांतवन काकांचं देवाशी वाजलं, की ते आमच्याकडे चहाला येत. घराला घर लागून. फाटकाची कडी जरा जोरात वाजली, की आई ओट्याशी उभ्या उभ्याच म्हणायची, "आज पुन्हा बिनसलं वाटते." काका येऊन बसत आणि गंभीरपणे जाहीर करत, "वहिनी, आपली बातचीत बंद आहे त्याच्याशी."

आधी असं नव्हतं. जबलपूरच्या फॅक्टरीत नोकरी होती तोवर काका दर रविवारी भांग पाडून चर्चला जाणारे साधे गृहस्थ होते. रिटायर झाले आणि एका उपासनेत पाळकांनी सांगितलं, की देवाशी नातं घरच्या माणसासारखं असावं. काकांनी ते मनावर घेतलं. मला म्हणाले, "इतकी वर्षं मी नुसती हजेरी लावली. आता ओळख करून घेऊन राहिलो." आणि घरच्या माणसांशी वागायची काकांची रीत एकच होती. ते भांडत.

एकदा त्यांनी देवाकडे धीर मागितला, तर नागपूरहून त्यांचा साळा राहायला आला आणि उन्हाळाभर हलला नाही. "मी धीर मागितला होता, यानं साळा काहून पाठवला?" मी म्हटलं, धीर शिकवायलाच पाठवला असेल. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीही त्या कटात सामील होतो.

अबोल्यातही ते चर्चला जात, पण गात नसत. त्यांचा आवाज ज्यांनी ऐकला आहे, ते त्या रविवारी देवाचे जरा जास्तच आभार मानत असावेत. आईला एकदा त्यांनी विचारलं, की तुम्ही तुमच्या देवाशी भांडत नाही का. आई म्हणाली, आमच्याकडे एकाशी बिनसलं तर दुसरे आहेत, तुमचं तसं नाही, म्हणून जरा जपून. काकांना ते पटलं, पण जमलं नाही.

समेट घडवायच्या त्या मार्था काकू. जेवणाआधी हात जोडून, डोळे मिटून त्या शांतपणे देवाला कळवायच्या, "प्रभू, हे बोलून नाही राहिले, पण तब्येत बरी आहे यांची. पोळी एक कमी खातात, तेवढं पाहा." मग काका डोळे मिटूनच म्हणत, "त्याला सांग, मला भूक नाही." असे निरोप दोन-तीन जेवणं चालत. मग कधीतरी काकांच्या तोंडून चुकून "प्रभू" निघून जाई, आणि काकू मुकाट्यानं त्यांना आणखी एक पोळी वाढत.

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. सकाळी छातीत दुखलं, दुपारी संपलं. कब्रस्तानात काका ताठ उभे होते. प्रत्येकाला म्हणत होते, प्रभूची इच्छा. पाळक म्हणाले, विश्वास असावा तर असा. सगळ्यांनी माना हलवल्या. घरी आल्यावर आई मात्र म्हणाली, "लक्षण ठीक नाही. हा माणूस भांडून नाही राहिला."

आणि खरंच, काका देवाशी एकदम अदबीनं वागू लागले. मोठ्या साहेबासमोर उभं राहावं तसं दोन वाक्यं बोलत आणि संपवत. आमच्याकडे येणंही थांबलं. शेवटी एका संध्याकाळी आई मला घेऊन त्यांच्याकडे गेली. काका पडवीत बसले होते. आईनं आडवळण घेतलं नाही. "भाऊजी, तुम्ही त्याला काही बोलत काहून नाही?"

काका म्हणाले, "बोललो तर भांडण होईल, वहिनी. आणि झालं, तर मिटवणार कोण?"

आईनं पदर खोचला आणि समोर बसायला वेताचा मोडा ओढला. "मी बसते मध्ये. तुमच्या देवाची माझी ओळख नाही, पण मार्थाची होती. बोला तुम्ही."

काका बोलले. आधी हळू, मग गल्लीत ऐकू जाईल असं. एवढी घाई काय होती, मला आधी का नाही नेलं, विचारलं तरी असतं. आई खाली बघत ऐकत होती. मी फाटकाशीच थांबलो. हळूहळू आवाज खाली आला, आणि काकांनी रुमालानं तोंड पुसलं.

"बरं, ऐक," ते म्हणाले. "तिचे गुडघे दुखतात. तिथं कुठं पायऱ्या असतील, तर उतरताना हात देत जा. ती मागणार नाही."

त्यांच्या प्रार्थनेच्या शेवटी काय म्हणतात, ते आईला ऐनवेळी आठवेना. परक्या घरच्या देवाला एकेरीत तरी कसं बोलायचं? तिनं हात जोडले आणि म्हणाली, "एवढं करा जी."