बंगईची गिटार

दामूभाऊ आमच्या दारावर टकटक करत आणि दार उघडलं की वैतागत. "काहून उघडलं? मी दरवाजाले बोलून राह्यलो होतो ना!" कान फळीला चिकटलेलाच असे. मग निकाल मिळे, "तुमचा दरवाजा बहिरा हाय."

अकोल्यातल्या आमच्या कॉलनीत ते माझे भिंतीला भिंत शेजारी. वीज खात्यातून निवृत्त, गाण्याशी संबंध वरातीपुरता. अशा माणसानं गेल्या उन्हाळ्यात मोबाइलवर बघून घरीच गिटार बनवायला घेतली आणि दिसेल ते लाकूड ठोकून ऐकायचा नाद लागला. एका घरी आम्ही सांत्वनाला गेलो, तर तिथंही त्यांनी गेलेल्या माणसाच्या पलंगावर टकटक केली, कान लावला आणि मान डोलावली. "हा बोलते," म्हणाले. खोलीतल्यांचे चेहरे पांढरे पडले. मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

तसे सगळे त्यांना वचकूनच होते. त्यांची बायको, आमच्या सुमनवहिनी, गेल्या तेव्हा वहिनींची सागवानी बंगई तेरवीला दान द्यायची ठरलं होतं. गेलेल्या माणसाची बैठक घरात ठेवत नाहीत. वहिनींचा अर्धा दिवस त्या झोक्यावर जायचा. दामूभाऊंनी तेरवीच्या आदल्या दिवशी बंगईची फळी आरा मशीनवर नेली आणि चिरून पातळ फळ्या करून आणल्या. "बंगई राह्यलीच नाई, आता दान काय देऊ?" त्यानंतर बायांनी त्या घराची पायरी चढणं सोडलं.

गिटारीसाठी त्याच फळ्यांच्या पट्ट्या वाकवायला त्यांनी न्हाणीतला पाणी तापवायचा बंब पेटवला. भिजवलेल्या पट्ट्या त्याच्या तापल्या नळीवर दाबायच्या. तीन पट्ट्या तडकल्या, बोटं भाजली. शेवटी साधलं. डिंक लावून सगळं सायकलच्या ट्यूबनं करकचून बांधलं. टेबलावरचं ते लांबट गाठोडं पाहून माझे हात उगाच जोडले गेले.

गिटार झाली. बंगईच्या साखळ्या छताला तशाच लोंबत होत्या, त्यांनाच त्यांनी ती टांगली. रोज चारच्या सुमाराला भिंतीपलीकडून साखळ्या करकरत. दामूभाऊ काहीतरी बोलत, थांबत. मग एक बारीक आवाज येई, बाईनं कण्हावं तसा. माझ्या अंगावर सर्रकन काटा यायचा. एके दिवशी धीर करून गेलो.

गिटारीला हातानं हलकेच झोका देत, तिच्या भोकाशी तोंड नेऊन दामूभाऊ विचारत होते, "चाय मांडू काय?"

तारांना कोणी हात लावला नव्हता. गिटार म्हणाली, "हूंऽऽ"

"भाऊ," माझा आवाज चिरकला, "तुमच्याच आवाजानं तारा हालून राह्यल्या."

"मले समजते ना! चाळीस वर्षं तारातच गेले माये." त्यांनी झोका थांबवला. "सुमन रोज चार वाजता बंगईवरून इचारे, चाय मांडू काय? मी पेपरात तोंड घालून नुसतं हूं म्हणो. आता मी इचारतो. नुसतं हूं आयकून लय एकटं वाटते हो. तिलेबी तवा असंच वाटत असन."

मी खुर्ची ओढली. "मांडा भाऊ. दोन कप. आलं टाका चांगलं."

ते डोळे पुसत स्वयंपाकघरात गेले. तिथून हाक आली, "गुळाचा चालते काय?"

माझ्या आधी गिटारच म्हणाली, "हूंऽऽ"

"चालते भाऊ," मी घाईघाईनं ओरडलो, "लय चालते!"