खेचर (लहान) यांची नोंद दुरुस्त करणेबाबत

माणसाचा जन्म एकदाच होतो, नोंद मात्र तीन प्रतींत होते. दोहोंपैकी भरवशाचं काय, हे सुज्ञांना वेगळं सांगायला नको. माणूस आजारी पडतो, सुटतो, दिलेला शब्द विसरतो, कधी कधी स्वतःचं वयही विसरतो. नोंद एकदा झाली की झाली. तिला तापसुद्धा येत नाही.

राखीव सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात, दुरुस्ती शाखेत, मी एकोणतीस वर्षं वरिष्ठ लिपिक होतो. राखीव सैनिक म्हणजे तरुणपणी दोन-तीन वर्षं लष्करात काढून घरी परतलेला माणूस. तो आपला कामधंदा करतो, पण पन्नाशीपर्यंत कागदावर सैनिकच राहतो आणि गरज लागली की त्याने हजर व्हायचं असतं. गरज लागत नाही. (पण लागली तर कागद सापडला पाहिजे, म्हणून आम्ही.)

शाखेच्या कामगिरीबद्दल मी स्वतः बोलणं बरं दिसत नाही, म्हणून आकडे बोलू देत. ज्या वर्षाची ही हकीकत, त्या वर्षी दुरुस्तीसाठी चारशे बारा अर्ज आले. त्यांपैकी तीनशे नव्वदांत चुका आढळल्या. (अर्जांत. नोंदींत नव्हे.) एकवीस अर्जदार पुन्हा फिरकलेच नाहीत, म्हणजे त्यांचं समाधान झालं. उरला एक.

तो एक म्हणजे घड्याळजी. चपलांच्या दुकानाच्या जिन्याखाली त्याचं दुकान होतं, इतकं लहान की गिऱ्हाईक आलं की त्याला पाय आत ओढून घ्यावे लागत. माणूस शांत. भिंग लावून लावून उजव्या डोळ्याभोवती गोल वळ पडलेला. तो चार नंबरच्या खिडकीशी आला आणि एक पत्र माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "साहेब, हे माझंच आहे का तेवढं बघता?"

पत्र त्याचंच होतं. त्याची एकुलती एक मुलगी परदेशात, तिचं पहिलं बाळंतपण अठरा दिवसांवर आलेलं. राखीव सैनिकाला देशाबाहेर जायला आमची परवानगी लागते, ती त्याने रीतसर मागितली होती. उत्तर असं गेलं होतं: 'अर्जदार हे खेचर असून खेचरास संतती होत नसते. सबब कन्येचे बाळंतपण हे कारण ग्राह्य धरता येत नाही.'

उत्तरात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

"पण मला मुलगी आहे," घड्याळजी म्हणाला.

"ते तुमचं म्हणणं झालं," मी म्हणालो. "नोंद काढू."

नोंद काढली आणि सगळा उलगडा झाला. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी 'विशेष खूण' या रकान्यात 'डावखुरा' असं लिहिलं होतं. रकाना अरुंद, त्यामुळे 'डाव' वरच्या ओळीत आणि 'खुरा' खालच्या. बावीस वर्षांपूर्वी जुनी रजिस्टरं नव्याने उतरवून काढली, तेव्हा हे पान एका अत्यंत प्रामाणिक नकलनविसाच्या हाती आलं. 'खुरा' असा शब्द नसतो हे त्याला ठाऊक होतं. त्याने तो सुधारून 'डावा खूर' असा केला. तपासनिसाने पाहिलं की माणसांच्या रजिस्टरात खूर आलेला आहे. हा निष्काळजीपणा त्याने खपवून घेतला नाही आणि पान जनावरांच्या शाखेकडे पाठवलं. तिथे घोडा, बैल आणि खेचर असे तीनच वर्ग. उंची पाच फूट चार इंच, वजन अठ्ठावन्न किलो. घोड्याला वजन कमी पडत होतं, बैलाला शिंगं नमूद नव्हती. म्हणून खेचर, कंसात लहान.

या सगळ्यात कुणाचीही चूक झाली नाही, हे लक्षात घ्यावं. प्रत्येकाने आधीच्याची चूक दुरुस्त केली होती.

घड्याळजीला मी दुरुस्तीचा फॉर्म दिला आणि लगेच परत घेतला. नियम अकरा: 'जनावराच्या नोंदीबाबतचा अर्ज खुद्द जनावराकडून स्वीकारला जाणार नाही. तो सांभाळणाऱ्याने करावा.' दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन आला. बाई टपाल कचेरीत खिडकीवर बसणाऱ्या, म्हणजे आमच्याच पंथाच्या. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे बघा भाऊ, यांना गाढव म्हणायचा अधिकार घरात माझा एकटीचा आहे. सरकारने मध्ये पडू नये."

"गाढव नाही. खेचर," मी दुरुस्ती केली. (तोंडी आणि तात्काळ झालेली अशी दुरुस्ती शाखेच्या इतिहासात ही एकच.)

बाईंनी फॉर्म भरला. 'सांभाळण्याचा अनुभव' या रकान्यात सत्तावीस वर्षं लिहिली. 'जनावराचा स्वभाव' या रकान्याशी जरा थांबून, नवऱ्याकडे एकवार बघून लिहिलं: 'गरीब. पण हाक मारली की ऐकू येत नाही.' घड्याळजी खिडकीबाहेर बघत होता. त्याला खरंच ऐकू आलं नसावं.

सह्या, शिक्के आणि टिपणी होईस्तोवर अकरा दिवस उरले. पुढची पायरी वैद्यकीय तपासणी. आमच्या डॉक्टरांनी हात वर केले. त्यांना फक्त मनुष्यबळ तपासायचा अधिकार. "आज खेचर तपासलं तर उद्या बैल रांगेत उभे राहतील," असं ते म्हणाले आणि त्यांचंही खोटं नव्हतं. पशुवैद्य दर गुरुवारी येत, आणि गुरुवार तर कालच होऊन गेला होता. ते आले तेव्हा पाच दिवस उरले होते. त्यांनी घड्याळजीला आधी खुर्ची दिली, मग अवघडून उभं केलं, आणि अहवाल लिहिला:

वय: दातांवरून पन्नाशीच्या आसपास. (खेचराच्या मानाने उल्लेखनीय.)
खूर: पुढचे नाहीत, मागचे नाहीत.
शेपूट: आढळली नाही.
ओझं वाहण्याची क्षमता: संसाराचं वाहत असल्याचं सांभाळणारी सांगते, प्रत्यक्ष पाहिलं नाही.
शेरा: माणूस असण्याची दाट शक्यता.

शेवटचा शेरा आमच्या अधीक्षकांनी तांबड्या शाईने खोडला. पशुवैद्याने जनावर कसं आहे ते सांगावं, माणूस कोण ते सांगणं त्याच्या अखत्यारीत येत नाही. शेरा गेल्यावर उरलं ते बिनखुरांचं खेचर. दुरुस्तीचा अर्ज फेटाळण्यात आला.

हे ऐकवलं तेव्हा चार दिवस उरले होते. घड्याळजी ओरडला नाही. खिडकीच्या फळीवर बोट फिरवत, खालच्या मानेनेच म्हणाला, "काल फोनवर पोरगी विचारत होती, बाबा, तुम्ही नक्की येताय ना? मी हो म्हणून बसलोय. काय तोंड दाखवू तिला?"

मला वाईट वाटलं. नियमात बसत नाही, पण वाटलं. माझीही मुलगी त्याच वयाची. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं म्हणतात. इथे एक खेचर अडलेलं होतं आणि माझे पाय धरायच्या बेतात होतं. मी घाईघाईने पाय टेबलाखाली घेतले. (म्हणीप्रमाणे पाहता मी कोण ठरतो, हे मागाहून लक्षात आलं.)

तेवढ्यात बाईंनी नवऱ्याला दंडाला धरून बाजूला केलं आणि स्वतः खिडकीत आल्या.

"भाऊ, खूर नसलेलं खेचर तुमच्या काय उपयोगाचं?"

"काहीच नाही. त्याला सेवेतून कमी करावं लागतं."

"आणि सेवेतून कमी केलेल्या खेचराला परदेशी जायला तुमची परवानगी लागते का?"

मी नियमांचं पुस्तक उघडलं. एकोणतीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. लागत नव्हती. सरकारी कामात इतका आनंद मला पूर्वी कधी झाल्याचं आठवत नाही, आणि तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी पुस्तक वर धरलं. सेवेतून कमी करण्याचे प्रकार दोन होते. पहिला गोळी घालून. दुसरा, सांभाळणाऱ्याच्या ताब्यात देऊन. मी दुसऱ्यापुढे खूण केली, आणि साहेबांची नजर चुकून पहिल्यावर जाऊ नये म्हणून तिथे दौत ठेवली.

जे काम दोन आठवड्यांत झालं नाही, ते तीन तासांत झालं. बाईंनी पोच लिहून दिली: 'एक खेचर (लहान), जसे आहे तसे, मिळाले.' त्याखाली कमी होणाऱ्याची सही लागत होती. घड्याळजीने ती डाव्या हाताने, वळणदार अक्षरात केली. 'सदर जनावराने माझ्यासमक्ष सही केली' असा दाखला मी दिला आणि दोघं जवळजवळ धावतच जिना उतरले.

पुढे महिन्याभराने शाखेच्या पत्त्यावर कार्ड आलं. एक दिवस आधी पोचलो, नात झाली, दोघी सुखरूप आहेत. खाली बाईंच्या हातचं: 'डावखुरी निघेल की नाही ते कळायला अवकाश आहे. निघाली तरी आम्ही कुठे लिहून देणार नाही.' कार्ड फाइलला लावता येत नव्हतं, कारण खेचराला नात नसते. मी ते घरी नेलं.

फाइल कायमची बंद करण्यापूर्वी पानं मोजावी लागतात. ती मोजताना तळाशी बावीस कागद सापडले. आम्ही दरवर्षी प्रत्येक राखीव सैनिकाला पडताळणीचा फॉर्म पाठवतो. या बावीसही फॉर्मांवर वर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, 'वर्ग: खेचर (लहान)'. खाली होतं, 'वरील सर्व मजकूर मी वाचला असून तो बरोबर आहे.' आणि त्याखाली दरवर्षी, न चुकता, घड्याळजीची सही. केसाएवढ्या स्प्रिंगमधला दोष भिंगाने हुडकून काढणारा माणूस! मला त्याचा राग आला नाही. सगळेच वाचायला लागले तर कार्यालय चालणार कसं?

तुम्हाला हसू आलं असेल. येऊ द्या. तुम्हीही बँकेत, दवाखान्यात, फोनच्या पडद्यावर, जिथे बोट दाखवलं तिथे 'वाचलं, मान्य आहे' असं म्हणून मोकळे झालेले आहात. तिथे तुमच्या नावापुढे काय लिहिलं आहे, ते तुम्हाला ठाऊक नाही. ते बरोबर आहे, एवढं मात्र तुम्ही सहीनिशी लिहून दिलेलं आहे.