पायडलाला लावलेला कान

सायकलचा आवाज म्हणजे काय? घर्षण! आणि घर्षण हा धडा मी डिंगोऱ्याच्या शाळेत अकरा वर्षं शिकवत होतो. त्यामुळे आमच्या हिची, म्हणजे कल्याणीची सायकल पायडल मारताना कुईकुई करायला लागली, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "गेणभाऊच्या दुकानात कशाला न्यायची? घरात सायन्सचा मास्तर बसलाय!"

सत्त्याण्णव साल. कल्याणी अंगणवाडीत सेविका. सोमवारी तिला ओतूरला ट्रेनिंगला जायचं होतं. "मी नुसती दारावरून गेले तरी निजलेली पोरं उठतात हो, या आवाजानं," ती म्हणाली.

शनिवारी मी दोन्ही पायडलांत सढळ हातानं खोबरेल तेल ओतलं. आवाज गेला नाही, बदलला! कुईकुईचं कुई-कटक, कुई-कटक झालं. जणू आजारी शेळी सुपारी फोडतेय!

रविवारी सकाळी शास्त्रीय पद्धत काढली. हातानं पायडल फिरवलं तर सगळं शांत. म्हणजे वजन पडलं की आवाज येतो! पण डाव्यातून की उजव्यातून? मी वजनासाठी कॅरियरला बाजरीची पिशवी बांधली आणि म्हणालो, "तू चालव. मी कान लावून शेजारनं पळतो."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे! हे विज्ञान आहे!"

ती निघाली. मी कंबरेत वाकून, कान तिच्या पावलाशी नेऊन पळतोय आणि ओरडतोय, "कल्याणी, हळू! अगं, एकदा ऐकू दे!"

डेअरीसमोर कुंडलिक दुधाचा कॅन घेऊन उभा होता. त्यानं मला पाहिलं, कॅरियरवरची पिशवी पाहिली आणि कॅन खाली ठेवला.

"आरं, वैनी चालल्या म्हायेराला! मास्तर पाया पडत पळतंय!"

त्यानं धावत येऊन हँडलच धरलं. "वैनी, माघारी चला. संसारात व्हतंच आसं."

मला दम लागलेला. "पा... पाय... पाय..."

"बगा! आजून पायच धरतोय बिचारा!"

पाच मिनिटांत वीस माणसं जमली. कुणीतरी आमच्या आईला, जानकाबाईंना, बोलावून आणलं. ती पिठाच्या हातानंच आली. "कपिल, काय केलंस रं माझ्या सुनंला?"

कल्याणीनं पदर तोंडाला लावला होता. खांदे गदगदत होते. लोकांना वाटलं, रडतेय. मला दिसत होतं, हसतेय! बरं, तिनं खुलासा करावा की नाही? छे!

एवढ्यात फाट्यावरून गेणभाऊ आला. सायकल दुकानवाला, पण वयानं मोठा, म्हणून न्यायनिवाडा त्याच्याकडेच गेला. "वैनी, तुमचं म्हननं काय हाय?"

कल्याणी गंभीर आवाजात म्हणाली, "यांनी सगळ्यांसमोर शब्द द्यावा. पुन्हा हात लावणार नाही म्हणून."

सगळे माझ्याकडे वळले.

"मास्तर! शिकलेली मानसं तुमी!" गेणभाऊ गरजला.

"अहो, सायकलला! सायकलला हात लावणार नाही!"

"म्हंजी तिच्या सायकललाबी सोडलं न्हाईस?" आई कडाडली.

दिला शब्द. करतो काय?

शब्द मिळताच कल्याणीनं सायकल गेणभाऊपुढे केली. "आता या पायडलाचं बघा." गेणभाऊनं डावं पायडल दोन बोटांत धरून हलवलं. ते खिळखिळं वाजलं. त्यानं बोटाला लागलेलं तेल हुंगलं, माझ्याकडे बघितलं, आणि सगळा उलगडा होऊन तो खाली बसून हसायला लागला. "छर्रे झिजलेत, राव! आन् व्हतं न्हवतं ते ग्रीस तुमी तेलानं धुतलंत!"

दुकानात त्यानं पायडल खोललं, नवे छर्रे बसवले, ग्रीस भरलं, आवळलं. आवाज बंद!

पण बातमी बंद होईना. ती दुपारच्या एसटीनं निघाली आणि कल्याणीच्या माहेरी डिंभ्याला पोचली. संध्याकाळी तिचा भाऊ रुपेश जीप करून बहिणीला न्यायला दारात हजर! चेहरा असा, की मी आपोआप आईच्या मागे सरकलो. कल्याणीनं त्याला बसवलं, पाणी दिलं, पहिल्यापासून सगळं सांगितलं. तो एकदाही हसला नाही. जेवला, हात धुतले, जीपपाशी गेला आणि मला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात म्हणाला,

"दाजी, एक इचारू का? तुमीच सायकलवर बसून पायडल मारलं आसतं, तर आवाज ऐकू आला नसता का?"

खरं सांगतो, हे मला सुचलंच नव्हतं!